पाच नंबरचा शेवटचा स्टॉप

दगडाला छाती असते की नाही, हा प्रश्न टेलर मास्तरांना उभ्या आयुष्यात पडला नव्हता. तो एका सकाळी मागच्या अंगणात पडला. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि समोर बटाट्याच्या तोंडवळ्याचा एक ओबडधोबड दगड, अशी तेव्हा मास्तरांची अवस्था होती. मास्तरांनी त्याला इकडून फिरवला, तिकडून फिरवला, पोटाला टेप गुंडाळली आणि स्वतःशीच म्हणाले, "छाती आणि पोट एकच. बँकेच्या मॅनेजरसारखं." आणि पॅडवर आकडा लिहून मोकळे झाले.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी बायकोचा फोन आला होता.

मास्तरांची बायको म्हणजे कंडक्टरबाई. ती रिटायर झाली नोकरीतून, आवाजातून नाही. अख्खा जन्म भरलेल्या बसच्या मागच्या दारातून पुढच्या दाराशी बोलण्यात गेल्यामुळे, फोन ही वस्तू तिच्यासाठी निव्वळ उपचार होती. ती दीड वर्षापूर्वी लेकीकडे गेली, दुसऱ्या शहरात, जुळी नातवंडं सांभाळायला. जाताना म्हणाली होती, "दोन-चार महिने, फार तर." पण जुळ्यांचा हिशोबच वेगळा असतो. एकाचे दात आले की दुसऱ्याचा ताप येतो. दोन-चार महिने ताणता ताणता लेंग्याच्या नाडीसारखे लांबत गेले, आणि एक टोक आत गेलं ते गेलंच.

मास्तर का नाही गेले, असं कोणीही विचारेल. गेले होते. पंधरवडाभर राहिले. तिसऱ्या दिवशी लेक-जावई कामावर गेलेले बघून त्यांनी हॉलमधले पडदे उतरवले आणि वीतभर आखूड केले, कारण ते जमिनीवर लोळत होते आणि मास्तरांना लोळणारं कापड बघवत नाही. संध्याकाळी जावई आला. ते पडदे मुद्दाम लोळवलेले होते, तशी फॅशन होती. जावई भला माणूस, बोलला काही नाही, पण जेवताना अधूनमधून पडद्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मास्तर समजले. दुकान बंद ठेवून चालत नाही म्हणाले आणि परत आले.

तर फोनवर कंडक्टरबाई एवढंच म्हणाली, "अहो, पुढच्या आठवड्यात येतेय. दगड आवरायचेत." मागे एक पोरगं रडलं, दुसऱ्याने त्याला साथ दिली आणि फोन बंद.

मास्तर कात्री हातात धरून उभेच राहिले. आवरायचेत म्हणजे काय? हा शब्द भारी बेरकी आहे. 'टेबल आवर' म्हटलं तर पसारा नीट लावायचा. 'दुकान आवरलं' म्हटलं तर शटर खाली, कुलूप आणि रामराम. आता दगड आवरायचे म्हणजे नीट लावायचे, की एकदाचे उचलून कोणाला तरी देऊन टाकायचे? आणि दगड गेले, तर या घरात तिचं असं राहिलं काय? साड्या तिने हळूहळू तिकडे नेल्याच होत्या. तिची ताट-वाटी म्हणजे भांड्यांतलंच एक भांडं. मास्तर स्वतः होते म्हणा, पण मास्तरांवर तिचा जीव आहे असं छातीठोक सांगता येण्याजोगा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. दगडांवर मात्र होता.

उलट फोन करून विचारायचं, तर उत्तर ठरलेलं होतं. लग्न झाल्यापासून मास्तरांच्या कुठल्याही शंकेला तिचं एकच उत्तर असे: "तुम्हाला दगड कळतं!"

आणि खरंच, मास्तरांना दगड कळत नव्हतं. म्हणजे दगडांमधलं तर अजिबातच नाही. बाई ड्युटीवरून यायची ती खांद्याच्या पिशवीत सुट्टे कमी आणि दगड जास्त घेऊन. कधी दुधी गारगोटी, कधी पट्टेदार अकीक, कधी बाहेरून शेणाचा गोळा आणि फोडला तर आत जांभळ्या स्फटिकांचा राजवाडा. ते सगळे मागच्या अंगणात रांगेने मांडायची. रांगा तरी कसल्या, दारू प्यायलेल्या! एक नळापाशी उजवीकडे वळायची, एक जास्वंदीला वळसा घालून परत यायची, एक मध्येच तुटून पुन्हा सुरू व्हायची. मास्तरांच्या डोळ्यांना वाकडी शिवण सोसत नाही. त्यांनी एकदा विचारलंही होतं, "अगं, सरळ का नाही लावत?" उत्तर काय मिळालं ते सांगायची गरज नाही.

दीड वर्ष ते दगड तसेच होते. रोज सकाळी मास्तर चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायचे आणि त्यांच्याकडे बघायचे. बोलायचे नाहीत. दगडांशी बोलायला ते काही वेडे नव्हते. फक्त कप दोन आणायचे, सवयीने, आणि एक रिकामा परत न्यायचे.

आता मास्तरांनी डोकं लढवलं. ती यायच्या आत आपणच दगड आवरून ठेवले तर? असे टापटीप, असे शिस्तीत, की बघून तिचा जीव पुन्हा त्यांच्यात अडकेल. आणि मुख्य म्हणजे, आधीच आवरलेलं असलं, की तिला आवरायला उरणार काय? मास्तरांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणाऱ्या प्रत्येक माणसाला सुरुवातीला तो धोंडा बिनतोडच वाटतो.

पद्धत अर्थातच टेलरची. माप घ्यायचं, कापडाच्या पट्टीवर टाक्याने साइज घालायची, पट्टी दगडाला बांधायची आणि लहानापासून मोठ्यापर्यंत सरळ रांगेत उभं करायचं. दोरी ताणून. दोन दिवसांत अंगणातल्या वाकड्या रांगा नाहीशा झाल्या. जास्वंदीचा वळसा गेला, नळापाशीचं वळण गेलं. अंगण शाळेच्या प्रार्थनेसारखं दिसायला लागलं.

फक्त एक दगड राहिला होता. कोपऱ्यात एक कुंडी उपडी घातलेली असायची आणि तिच्याखाली, रेनकोटच्या कापडात गुंडाळलेला, मुठीएवढा गुलाबी खडा. बाकी सगळे उन्हापावसात उघडे आणि हा एकटा अंगडं-टोपडं घालून! मास्तर त्याला मनातल्या मनात 'लाडोबा' म्हणत. कधी त्यांनी त्याला उघडून बघितलंही नव्हतं.

एवढ्यात मेव्हणा आला.

कंडक्टरबाईचा हा धाकटा भाऊ कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायच्या कामाला होता. परीक्षानळ्या धुता धुता विज्ञान त्याच्या अंगात हातांवाटे शिरलं होतं, असं त्याचं मत होतं.

"भाऊजी, हे काय केलंत?" तो दारातूनच ओरडला. "दगडांना पट्टे बांधलेत? हे काय कुत्र्यांचं प्रदर्शन आहे?"

"साइजप्रमाणे लावलेत. तुझी ताई येतेय."

"साइजप्रमाणे! ताई तुम्हाला उंबऱ्यातूनच परत पाठवेल. अहो, खरं म्हणजे दगड चमकले पाहिजेत. पॉलिश! मोठ्या कारखान्यात काय करतात माहितीय? ड्रममध्ये दगड, वाळू आणि पाणी घालून फिरवतात. बाहेर येतात ते हिऱ्यासारखे."

"आपल्याकडे कुठला ड्रम?"

मेव्हण्याने न्हाणीघराकडे बघितलं. मास्तरांनीही बघितलं. तिथे लेकीने पाठवलेलं वॉशिंग मशीन पांढरंशुभ्र उभं होतं, बळी जाणाऱ्या जीवाला काही कल्पना नसावी तसं.

निवडक दगड आत गेले. वाळू गेली. मेव्हण्याने बटणांची पाहणी करून 'नाजूक कपडे' यावर काटा ठेवला, कारण त्याच्या मते दगड पहिल्यांदाच धुतले जात होते. मशीन सुरुवातीला नुसतं कण्हलं. मग खोकलं. मग दगड एकमेकांच्या उरावर बसायला लागले आणि मशीनने जागा सोडली. आधी डावा पाय, मग उजवा पाय, असं रीतसर चालत ते न्हाणीघराच्या बाहेर आलं.

"भाऊजी, धरा!"

"तू धर! सायन्स तुझं!"

पाण्याची नळी तटकन सुटली आणि मेव्हण्याच्या तोंडावर फवारा बसला. मशीन धडधडत स्वयंपाकघर ओलांडून पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, पोचलं आणि तिथे वायर संपल्यामुळे गप्प झालं. दुकानात तेव्हा बँकेचे मॅनेजर नव्या पँटची ट्रायल घ्यायला आलेले होते. समोर येऊन थांबलेल्या मशीनला त्यांनी दचकून वाट करून दिली.

"मास्तर, हे काय?"

"काही नाही साहेब, कपडे धुतोय," मास्तर म्हणाले. मशीनचं दार आपोआप उघडलं आणि एक दगड मॅनेजरसाहेबांच्या बुटाशी येऊन थांबला.

साहेब सभ्य होते. पँट घालायला पडद्याआड गेले. पडद्याआडून बराच वेळ कुथल्याचे आवाज आले आणि मग साहेबांचा हात बाहेर आला. हातात पँट होती. "मास्तर," साहेबांचा आवाज आला, "यात माझी मांडी जात नाही हो. हात जातोय."

मास्तरांनी पॅड उघडून बघितलं. दगडांची मापं आणि गिऱ्हाइकांची मापं एकाच पानावर! साहेबांच्या नावाने जी पँट कापली होती, ती त्या बटाट्यासारख्या दगडाची होती. दगडाला मात्र ती अगदी फिट बसली असती. साहेबांच्या मापाची पट्टी दगडाच्या गळ्यात अंगणात उभी होती.

साहेब गेल्यावर मास्तर त्या इवल्या पँटकडे बघत बसले. कापड फेकवत नव्हतं. त्यांनी एक पाय कापला, खालून शिवला, वर दोरा ओवला. छान बटवा झाला. पण टाका घालताना त्यांच्या लक्षात आलं, की हे बघून पोट धरून हसणारं माणूस घरात नाही. असली फजिती झाली की ती जेवताना अशी हसायची, की शेजारी खिडकी लावून घ्यायचे. आणि वाढताना "बास का?" विचारलं, तर तोंडाने नाही सांगायची. चमच्याने ताटावर टण करायची. एकदा टण म्हणजे थांबा. दोनदा टण म्हणजे चालू द्या. बसची बेल ती जन्मभर घरीही वाजवत राहिली. मास्तरांनी रागाने बोलायला सुरुवात केली तरी एक टण. लेकीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी मास्तरांना हुंदका आवरेना, तेव्हा तिने त्यांच्या कोटाच्या बटणावर नखाने दोनदा वाजवलं होतं. चालू द्या.

आता घरात ताट-चमचा होता, पण सगळं निमूट.

संध्याकाळी मशीन जागेवर नेऊन झाल्यावर मास्तरांना लाडोबाची आठवण झाली. सगळ्यांना अंघोळ घातली, हा एकटाच पारोसा कसा ठेवायचा? मेव्हणा साबण घेऊन सरसावला, पण मास्तरांनी अडवलं. "नाजूक दिसतोय. साबण नको. साध्या पाण्यात भिजू दे." त्यांनी रेनकोटचं कापड सोडवलं, स्वच्छ पातेल्यात पाणी घेतलं, खडा अलगद आत ठेवला, वर ताटली झाकली. आता ती येईल तेव्हा हा सगळ्यात पुढे ठेवायचा, असं ठरवून झोपले.

सकाळी ताटली काढली, तर पातेल्यात खडा नाही.

मास्तरांनी पातेल्यात हात घातला. तळाशी किंचित गुलाबी गाळ, बाकी पाणी. त्यांनी पातेल्याखाली बघितलं. ओट्याखाली बघितलं. मांजराकडे संशयाने बघितलं. मग मेव्हण्याला फोन करून बोलावलं आणि तो दारात येताच म्हणाले, "मुकाट्याने काढ बाहेर."

"काय काढू?"

"लाडोबा!"

सगळा प्रकार ऐकल्यावर मेव्हण्याने प्रयोगशाळेतल्या माणसासारखी करंगळी पाण्यात बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले आणि निकाल दिला. "सोडियम क्लोराइड. भाऊजी, दगड विरघळला तुमचा. दगड नव्हताच तो. मीठ होतं. सैंधव. तुम्ही रात्रभर सूप केलंत त्याचं."

"दगड कधी विरघळतो का रे?" मास्तर म्हणाले, पण त्यांनीही बोट बुडवलं. जिभेला लावलं.

आणि खाली बसले.

ती चव लग्नाआधीची होती. तेव्हा ते मास्तर नव्हते, नुसते शिकाऊ कारागीर होते. स्वतःचं पहिलं शिलाई मशीन विकत घेऊन पाच नंबरच्या बसमध्ये चढले होते. कंडक्टर म्हणून एक सडपातळ मुलगी होती. म्हणाली, मशीनचं तिकीट काढा. हे म्हणाले, मशीन काय खिडकीशी बसणार आहे का? ती म्हणाली, उभं राहिलं तरी तिकीट लागतं. भांडण असं रंगलं, की मास्तरांचा स्टॉप मागे गेला, त्याच्या पुढचा गेला, बस रिकामी झाली आणि दोघं शेवटच्या स्टॉपला पोचले. तिथे मिठाची वखार होती. आवारात गुलाबी खडे सांडले होते. तिने एक उचलला, ह्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "घ्या. भांडून तोंडाची चव गेली असेल. आणि आता याच गाडीने परत नेते तुम्हाला, तिकीट नाही मागत. फक्त मिठाला जागा."

मास्तर जागले होते. तो खडा लग्नानंतर मास्तरांनी फळीवर ठेवला होता आणि एक दिवस दिसेनासा झाला. त्यांना वाटलं, आमटीत गेला. त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, ते ठाऊकच होतं. आणि तो इतकी वर्षं इथे, कुंडीखाली, त्यांनीच शिवलेल्या रेनकोटच्या उरलेल्या तुकड्यात झोपला होता. सगळ्या पावसाळ्यांतून तिने त्याला कोरडा ठेवला. आणि मास्तरांनी त्याला एका संध्याकाळी अंघोळ घातली.

"भाऊजी, अहो, मीठच आहे. वाण्याकडून दुसरं आणू," मेव्हणा म्हणाला.

मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो परीक्षानळ्या धुवायला निघून गेला.

मग मास्तरांनी ते सगळं पाणी, थेंबही न सांडता, मोठ्या परातीत ओतलं. परात उन्हात ठेवली, वर मलमल ताणून चहूबाजूंनी कच्चा टाका घातला, आणि शेजारी स्टूल टाकून राखणीला बसले. उन्हाबरोबर परात सरकवायची, परातीबरोबर स्टूल. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. मिठासाठी एखाद्याने एवढी राखण केली असती, तर समुद्र आटला असता. पण परातीतलं पाणी बोटभरानेसुद्धा हलेना. वाट बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर पाणी आटत नाही, हे मास्तरांना त्या दिवसांत कळलं. घड्याळही चालत नाही आणि फोनही वाजत नाही.

कंडक्टरबाई आली तेव्हा काठावर नुकते पांढरे-गुलाबी कण धरायला लागले होते.

ती आत आली, पिशव्या खाली टाकल्या. त्यात दोन मोठ्या पिशव्या रिकाम्या होत्या. मास्तरांना त्या दिसल्या आणि 'आवरायचेत'चा अर्थही लागला.

"वाळलात की हो," ती म्हणाली.

"मशीनला लागलो होतो," मास्तर म्हणाले. ते खरंही होतं.

ती सरळ मागच्या दाराकडे गेली. मास्तर तिच्या मागोमाग, निकालाच्या दिवशी जातात तसे. अंगणात दगड दोरीत उभे होते, गळ्यात पट्ट्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"माझा चार नंबर कुठे गेला?"

"चार नंबर नाही," मास्तर म्हणाले. "साइज आठपासून सुरू होते."

"साइज नाही हो! रूट! चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर, अकरा नंबर! हे सगळे माझे रूट होते. जिथे जिथे गाडी थांबायची तिथला एकेक. हा नाक्याचा, हा गिरणीचा, हा उताराचा. रस्ता वळायचा तिथे रांग वळायची. अहो, लेकीकडे मी झोप येईना की डोळे मिटून इथून एकेक रूट मारायचे मनात. पहिल्या स्टॉपपासून शेवटच्यापर्यंत. तुम्ही सगळी गाडी रिकामी करून प्रवाशांना उंचीप्रमाणे उभं केलंत?"

इतकी वर्षं रोज सकाळी ते ज्या वाकड्या रांगांसमोर चहा पीत होते, ते तिचे रस्ते होते. आणि ते त्यांनी इस्त्री करून टाकले होते.

ती कपाळाला हात लावून पायरीवर बसली. म्हणाली, "तुम्हाला दगड..." आणि तिथेच तिची नजर एका पट्टीवर गेली. तिने ती वाचली. "कंबर बेचाळीस? या एवढ्याशा दगडाची?"

"ती मॅनेजरसाहेबांची आहे," मास्तर म्हणाले. "याची पँट साहेबांना दिली."

मग मशीनचीही गोष्ट निघाली, मेव्हण्याच्या तोंडावरच्या फवाऱ्याची निघाली, आणि ती हसायला लागली. शेजारची खिडकी धाडकन बंद झाली. मास्तरांनी दीड वर्षात इतका गोड आवाज ऐकला नव्हता.

हसणं ओसरल्यावर ती डोळे पुसत कोपऱ्याकडे वळली. कुंडी सरळ उभी होती.

"कुंडीखालचा कुठाय?"

मास्तर उन्हात गेले. परात उचलून आणली, मलमलीचा टाका उसवला आणि तिच्यासमोर धरली. तळाशी अजून थोडं पाणी होतं आणि काठाला खडबडीत गुलाबी साय.

"अंघोळ घातली," ते म्हणाले. "मला वाटलं आमटीत गेला होता तो. तेव्हाच."

तिने बोटाने कण उचलला, जिभेवर ठेवला. परातीकडे बघत राहिली, मग मास्तरांच्या उन्हाने रापलेल्या नाकाकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं.

"दगड द्यायलाच आले होते हो मी," ती म्हणाली. "भावाच्या कॉलेजच्या बागेला. लेक म्हणते, आई, तुझा एक पाय सारखा तिकडे असतो."

"मग?"

"मग काय मग! असे कसे देऊ? चार नंबरचे लोक अकरा नंबरात बसवलेत तुम्ही. अर्ध्या रस्त्यात प्रवासी सोडून कंडक्टर उतरतो का?" आणि तिने पदर खोचला.

त्यानंतरचे दिवस मास्तरांनी हमाली केली. ती मधोमध उभी राहून दगड हातात घ्यायची, डोळे मिटून अंगठा फिरवायची आणि ओरडायची, "सरकारी दवाखाना! जास्वंदीच्या पलीकडे! पुढे सरका, पुढे जागा आहे!" मास्तर दगड घेऊन पळायचे. चार नंबर लागला, सहा नंबर लागला. अकरा नंबर जास्वंदीला वळसा घालून परत आला. मास्तरांना एकेक वळण पाठ व्हायला लागलं. जेवताना चमचा ताटावर वाजत होता. एक दिवस मास्तरांनी मुद्दाम भात वाढतच राहून तिला तीनदा बेल मारायला लावली.

पण सुट्टीची बस कोणासाठी थांबत नाही. लेकीचा फोन आला. एकाचे दात, दुसऱ्याचा ताप. पाच नंबरची रांग लावायची तशीच राहिली.

बाईने मीठ खरवडून दोन भाग केले. एक रेनकोटच्या तुकड्यात बांधून कुंडीखाली ठेवला. दुसरा भरायला काही मिळेना, तेव्हा मास्तरांनी मॅनेजरसाहेबांच्या पँटचा बटवा पुढे केला. रिकाम्या पिशव्यांची घडी घालून तिने त्या कपाटात ठेवल्या आणि ते मास्तरांनी बघितलं.

स्टॉपवर उभे असताना मास्तर खूप वेळ बुटाने खडा टोकरत राहिले. बस दिसायला लागल्यावर म्हणाले, "आवरलं का गं तुझं सगळं?"

"कुठे आवरलं?" ती म्हणाली. "पाच नंबर आहेच की पडलेला." आणि चढली. बसमध्ये चढल्या चढल्या तिने सवयीने लोकांना पुढे सरकायला सांगितलं आणि तिथल्या कंडक्टरचा चेहरा पडला. दोनदा बेल झाली. गाडी गेली.

मास्तर घरी आले. चहा केला. दोन कप आणले. तिन्ही रांगा अचूक होत्या, प्रत्येक वळण जागच्या जागी, बोट ठेवायला जागा नव्हती. ते त्यांना बघवेना. कप खाली ठेवून ते उठले, चार नंबरच्या रांगेतून गिरणीचा दगड उचलला आणि अकरा नंबरात, दवाखान्याच्या शेजारी नेऊन ठेवला. इकडेतिकडे बघितलं. मांजराने बघितलं होतं, पण ते बोलणारं नव्हतं.

चार-आठ दिवसांनी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. एक नातू तिच्या मांडीवर, दुसरा डोक्यावर.

"दाखवा," ती म्हणाली.

मास्तरांनी फोन रांगांवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली, बस चालवावी तसा. चार नंबर. नळाचं वळण. गिरणीच्या रिकाम्या जागेवरून त्यांनी गाडी जरा वेगाने काढली. मग अकरा नंबर. जास्वंद. सरकारी दवाखाना. पलीकडून आवाज येईना. जुळीही गप्प झाली होती. मास्तरांना वाटलं, कॉल तुटला.

"चालू देऊ का पुढे?" त्यांनी विचारलं.

पलीकडे कुठेतरी वाटी होती, चमचा होता. टण. मास्तरांनी फोन कानाजवळ नेला. दुसरी येते का, म्हणून ऐकत राहिले.

बेल एकदाच वाजली.

मास्तर फोन धरून गिरणीच्या दगडापाशी थांबले.